दह्याला तार सुटतेय, ही नक्की कशाची असते?

वरणफळं
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, विषय किरकोळ आहे पण डोकं खातोय. महिन्याभरापूर्वी आमचं विरजण बिघडलं म्हणून शेजारच्या काकूंकडून वाटीभर दही आणलं, तेव्हापासून दही चवीला छान, आंबट नाही, पाणी सुटत नाही, पण चमचा बुडवून वर उचलला की तार! म्हणजे दिवाळीत चिरोट्यांच्या पाकाला मला एकतारी काही केल्या साधली नाही आणि इथे न मागता वीतभर तार. साबा (सासूबाई) म्हणतात दही बुळबुळलंय, टाकून दे. नवरा म्हणतो पिझ्झ्यावर घाल. लेक (सातवी) रोज वाटी घेऊन ओट्यापाशी उभा, आज किती लांब जाते बघायला.
नेटवर शोधलं तर 'बॅक्टेरियल पॉलिसॅकराइड' असं काहीतरी आलं, पुढे षटकोन जोडलेली चित्रं होती, ती बघून मी टॅब बंद केला. तर खावं की टाकावं, आणि ही तार असते कशाची? पाकातली साखर आणि ही एकच का?

टवाळ_टिल्लू
खा बिनधास्त. तार तुटेपर्यंत जेवण संपत नाही एवढाच तोटा.

खमंगकाकू
थंडीत होतं गं असं. दूध कोमटपेक्षा जरा जास्तच गरम असताना विरजण लाव आणि भांडं कणकेच्या डब्यात नाहीतर दुलईत गुंडाळून ठेव. दोनतीनदा असं केलंस की कवडीचं दही लागेल. आणि विरजण चमचाभरच घाल, वाटीभर नको.

निवृत्त_मायक्रोस्कोप
वरणफळं, सासूबाईंना सांगा की बुळबुळलंय हे निरीक्षण शंभर टक्के बरोबर, टाकून दे हा निष्कर्ष तेवढा घाईचा.
दही लावणाऱ्या जिवाणूंमधे काही वाण असे असतात की ते साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून लांबच लांब साखळी बनवतात आणि अंगाबाहेर सोडतात. पॉलिसॅकराइड म्हणजे हेच, पुष्कळ साखरांची साखळी, पुस्तकी मराठीत बहुशर्करा. पाकातली तार वेगळी. तिथे साखरेचे सुटेच रेणू असतात, पाणी आटून त्यांची दाटी झाली म्हणून तार येते, वाटीभर पाणी ओता की गेली. दह्यातला एकेक रेणूच मुळात हजारो साखरांचा धागा असतो, त्यामुळे लिटरभर दह्यात हा माल बहुतेक वेळा एक ग्रॅमसुद्धा नसतो तरी अख्खं दही ओढलं जातं. गोड मात्र अजिबात लागत नाही, कारण जिभेला कळायला सुटी छोटी साखर लागते.
खमंगकाकूंचा दुलईचा उपाय शास्त्रात चपखल बसतो. लॅक्टोकॉकस नावाच्या जिवाणूंमधे ही साखळी बनवायची जनुकं बऱ्याचदा मुख्य गुणसूत्रावर नसतात, प्लाझमिड म्हणून डीएनएचं छोटं कडं असतं त्यावर असतात, आणि हे कडं म्हणजे भाडेकरू, उबेत वाढवलं की काही पिढ्यांत निघून जातं. मग तेच जिवाणू दही लावतात पण तार काढत नाहीत. शिवाय उबेत लॅक्टोबॅसिलससारखी दुसरी मंडळी जोर धरतात.
एक धोक्याची सूचना पण. उकळलेल्या दुधाला विरजण लावून तार आली, वास चव नेहमीची आहे, तर काळजी नको. पण विरजण न लावताच नुसत्या दुधाला तार आली, कुबट वास आला, गुलाबी पिवळी झाक दिसली तर चव पण बघू नका, सरळ ओता. तो उद्योग अल्कॅलिजेनिस किंवा कोलिफॉर्म जातीच्या जिवाणूंचा असू शकतो, तार तीच दिसते, करणारे वेगळे.

ध्रुवाखालची_सई
अय्या! वरणफळं, तू जे टाकून द्यायचं म्हणतेस ते आम्ही इथे फिनलंडमधे विकत आणतो. 'व्हीली' म्हणतात, चमचा उचलला की तुझ्या लेकाला आवडेल अशी तार, आणि वरती मखमलीसारखा बुरशीचा पातळ थर, जिओट्रिकम नावाची बुरशी मुद्दाम असते त्यात. शेजारी स्वीडनमधे 'लोंगफिल' म्हणून अजून लांब तारेचं मिळतं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी पण चेहरा वाकडा केला होता, आता थालीपिठाबरोबर तेच चालतं. तार नाही आली तर इथले लोक म्हणतील दही बिघडलं.

टवाळ_टिल्लू
म्हणजे साबांना फिनलंडला पाठवा असा तोडगा निघालाय.

इडलीमास्तर
माझ्या ज्ञानाप्रमाणे इडलीच्या पिठाची तार पण ह्याच जिवाणूंमुळे. ल्युकोनोस्टॉक नाव आहे त्याचं.

निवृत्त_मायक्रोस्कोप
अर्धं बरोबर. पीठ फुगवण्याचं काम ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस मुख्यत्वे करतो, वायू सोडतो ना. पण वाटलेल्या उडदाची तार ही मूळ उडदाचीच, डाळीत अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची वनस्पतीची बहुशर्करा असते, ती आणि उडदातली प्रथिनं मिळून बुडबुडे धरून ठेवतात. पीठ मिक्सरमधून काढल्या काढल्या चिकट असतंच की, तेव्हा जिवाणू कुठे कामाला लागलेत. ल्युकोनोस्टॉकचा खरा पराक्रम बघायचा तर नेहमीची साखर भरपूर पाहिजे. इथे साखर कारखान्यातलं कोणी आहे का? ते सांगतील, रडत रडत.

गव्हाण
आहे की हो सर, पंचवीस वर्षं लॅबला काढली, सांगली कोल्हापूर पट्ट्यातच. कारखान्याचं नाव विचारू नका.
ऊस तोडला की त्याच्या कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक आत शिरतो आणि आत जाऊन सुक्रोजवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेवर बसतो. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी, हा तिचे दोन तुकडे करतो, ग्लुकोज एकामागे एक ओवत जातो आणि फ्रुक्टोज स्वतः खातो. ओवलेल्या माळेला डेक्सट्रान म्हणतात. आता तोडणीनंतर चोवीस तासात ऊस गव्हाणीत पडला तर फार फरक पडत नाही पण टोळी आली नाही, ट्रॅक्टर बंद पडला, वजनकाट्याला दोन किलोमीटर रांग लागली, त्यात मधेच अवकाळी पाऊस, की झालं. जळका ऊस असला तर विचारूच नका, कांडं तडकलेलं असतं मग ह्याला दारं सताड उघडी. शेतकरी म्हणतो वजन घटलं, चेअरमन म्हणतात उतारा (उसातून निघणारी साखर) घटला, आणि शिव्या खातो लॅबवाला.
बरं नुसती साखर गेली एवढंच असतं तरी ठीक. रस असा घट्ट होतो की गाळला जात नाही, पॅनमधे उकळायला वेळ लागतो, आणि साखरेचा दाणा चौकोनी यायचा तो एका अंगाला लांब सुईसारखा येतो. आणि सगळ्यात चोरटी गोष्ट म्हणजे रसातली साखर आम्ही पोलॅरीमीटरवर मोजतो, प्रकाश किती फिरला त्यावरून. डेक्सट्रान प्रकाश त्याच दिशेला फिरवतो, तोही सुक्रोजच्या जवळजवळ तिप्पट! म्हणजे ऊस जितका कुजका तितकी साखर कागदावर जास्त, पोत्यात कमी. नवीन पोरगं लॅबला आलं की मी पहिल्या आठवड्यात हे सांगायचो, नाहीतर महिनाअखेरीला हिशोब लागत नाही आणि चोरी झाली म्हणून बोंब.
उपाय म्हणजे ताजा ऊस, मिलची स्वच्छता, गरम पाणी वाफ मारणं, आणि फारच झालं तर डेक्सट्रानेज एन्झाइम घालतात, ते ह्या माळा तोडतं. महाग पडतं पण.

निवृत्त_मायक्रोस्कोप
व्वा गव्हाण, पोलॅरीमीटरचं मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, चुकलंच.
युरोपातल्या बीटच्या कारखान्यांतही १९व्या शतकात हाच ताप होता. टाक्यांमधे लिबलिबीत गोळे जमायचे, जर्मन कामगार त्याला बेडकाची अंडी म्हणायचे. पाश्चरने १८६१ मधे दाखवलं की रस चिकट होणं हे सूक्ष्मजीवांचं काम आहे, १८७४ मधे शाइब्लरने पदार्थाला डेक्सट्रान नाव दिलं आणि १८७८ मधे व्हान टीगेमने जिवाणूचं बारसं केलं. आणि पुढची मजा अशी की १९४०च्या दशकात स्वीडनमधे उप्सालाला ग्रोनवॉल आणि इंगेलमान ह्या दोघांनी हाच कारखान्यातला उपद्रवी माल शुद्ध करून, माळा ठराविक लांबीच्या कापून, रक्तस्राव झालेल्या माणसाला सलाइनसारखा द्यायला घेतला. मोठा रेणू रक्तवाहिनीतून पटकन बाहेर झिरपत नाही म्हणून पाणी धरून ठेवतो. डेक्सट्रान ४०, डेक्सट्रान ७० ह्या बाटल्या जुन्या डॉक्टरांना आठवतील.

प्रश्नचिन्ह
एक बेसिक शंका. स्टार्च पण ग्लुकोजची माळ, कापूस पण ग्लुकोजची माळ, आणि आता हे डेक्सट्रान पण ग्लुकोजचीच. मग बटाटा पचतो, कापूस पचत नाही, रस चिकट होतो, हे कसं काय? मणी एकच ना?

निवृत्त_मायक्रोस्कोप
हाच खरा प्रश्न, बाकी सगळा तपशील.
ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन, त्यांना १ ते ६ नंबर दिलेत. मणी जोडताना एकाचा १ नंबर दुसऱ्याच्या कुठल्या नंबराला धरतो आणि वरच्या अंगाने धरतो की खालच्या (त्याला बीटा आणि अल्फा म्हणतात) एवढ्यावर सगळा खेळ. १ ने ४ ला अल्फा पद्धतीने धरलं की माळ स्प्रिंगसारखी वळत जाते, तो स्टार्च, आपल्या लाळेतलं एन्झाइम ती जोडणी ओळखतं आणि कापतं. तोच १ तोच ४ पण बीटा पद्धतीने, तर एक मणी उताणा एक पालथा, एक उताणा एक पालथा, अशी माळ सरळसोट होते, शेजारच्या माळेला घट्ट चिकटते आणि तयार होतं सेल्युलोज. पाण्यात विरघळत नाही, आपल्याला कापता येत नाही. हे झाडंच करतात असं नाही हं, कोमागाटायबॅक्टर नावाचा व्हिनेगर करणारा जिवाणू शुद्ध सेल्युलोजची जाड साय धरतो. कोंबुचा करणाऱ्यांच्या बरणीत तरंगतं ते बऱ्याच अंशी हेच, आणि सरबतात फिलिपिन्सचे नाटा दे कोकोचे चौकोनी तुकडे मिळतात ते पण. ती साय त्याला हवेजवळ तरंगत ठेवते, कारण त्याला ऑक्सिजन लागतो.
आता १ ने ६ ला अल्फा धरलं तर डेक्सट्रान. सहावा कार्बन जरा बाहेर लोंबत असतो, त्यामुळे माळ लवचिक, पाण्यात विरघळणारी, म्हणून गव्हाणांचा रस घट्ट. आणि १ ने ३ ला अल्फा धरलं तर म्युटान, पाण्यात न विरघळणारा चिकट लगदा. तो आत्ता ह्या क्षणी तुमच्या दातांवर आहे.

टवाळ_टिल्लू
ब्रश करून आलो.

निवृत्त_मायक्रोस्कोप
ब्रश करायलाच पाहिजे, चूळ भरून तो जात नाही हाच त्याचा गुण! स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स हा जिवाणू क्लार्कने १९२४ मधे लंडनमधे किडलेल्या दातांतून ओळखला. युक्ती ल्युकोनोस्टॉकचीच, सुक्रोज तोडायचं आणि ग्लुकोज ओवायचा, पण इथे माळेचा उपयोग दाताला धरून बसायला. मग त्या चिकट घराच्या आत हा आम्ल करतो, लाळ आत पोचून ते आम्ल धुवू शकत नाही, आणि दाताचं कवच विरघळतं. गूळ खाल्ला तर चालतो असं समजणाऱ्यांसाठी, गुळात पण मुख्यतः सुक्रोजच असतं.

भाकरीविनागहू
माझ्या मुलीला गहू चालत नाही, मी ज्वारीच्या ब्रेडमधे झँथन गम घालते चिमूटभर. पाकिटावर ई४१५. ते पण ह्यातलंच का? कुठेतरी वाचलं की कोबी कुजवणाऱ्या जिवाणूपासून करतात, तेव्हापासून हात आखडतोय.

बांधावरून
ताई मी सांगतो, कोबी लावतो मी अर्धा एकर. कोबीच्या पानाला कडेने इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग पडतो, मग शिरा काळ्या पडतात, आमच्याकडे घाण्या रोग म्हणतात, काढणीला आलेला गड्डा सडतो. तो झँथोमोनास जिवाणू.

निवृत्त_मायक्रोस्कोप
बरोबर. झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस. झाडात शिरल्यावर त्याला पाणी धरून ठेवायला आणि झाडाच्या संरक्षण यंत्रणेला गुंगारा द्यायला हा चिकट पदार्थ कामी येतो. भाकरीविनागहू ताई, हात आखडू नका. जिवाणू टाकीत ग्लुकोजवर वाढवतात, मग गरम करून मारतात, मग अल्कोहोलने साखळ्या खाली बसवून वाळवतात. अमेरिकेत इलिनॉयमधल्या पिओरिया गावी सरकारी शेती प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स ह्या बाईंच्या गटाने हा शोधला आणि १९६९ मधे तिथे खाण्यात वापरायला परवानगी मिळाली.
रचना बघण्यासारखी आहे. कणा सेल्युलोजचाच, पण दर दुसऱ्या मण्याला तीन साखरांचं लोंबकळतं शेपूट, मॅनोज, ग्लुकुरॉनिक आम्ल, परत मॅनोज. शेपटांवर ऋण भार, त्यामुळे माळा सेल्युलोजसारख्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, पाण्यात सुट्या राहतात. नुसतं ठेवलं की घट्ट, हलवलं की माळा एका दिशेला लागतात आणि पातळ. म्हणून सॉसची बाटली आपटली की सॉस भसकन येतो आणि ताटात पडला की परत उभा राहतो. तुमच्या ब्रेडमधे गव्हातल्या ग्लुटेनच्या जागी बुडबुडे धरायचं काम हा करतो.

बांधावरून
सर मग एक विचारू का. सोयाबीनला पेरणीआधी आपण रायझोबियमचं पाकीट चोळतो, दहा किलो बियाण्याला पाव किलो, गुळाच्या पाण्यात कालवून. ते पाकीट उघडलं की पण असंच चिकट चिकट लागतं. गुळामुळे म्हणावं तर गूळ नंतर घालतो.

निवृत्त_मायक्रोस्कोप
पाकिटात कोळशाची भुकटी किंवा लिग्नाइट असतं, पण प्रयोगशाळेत बशीवर रायझोबियम वाढवला की त्याचे ठिपके खरंच मेणचट ओले दिसतात, ती त्याचीच बहुशर्करा. आणि ती शोभेची नाही. लसूणघासाच्या मुळांवरच्या रायझोबियमचा नीट अभ्यास झालाय, त्याची साखळी बनवायची जनुकं बिघडवली तर मुळावर गाठी येतात पण पोकळ, आत जिवाणूच नाहीत. म्हणजे ही साखर झाडाला दाराशी ओळख सांगते, आपलाच आहे, आत घे. ओळख पटली नाही तर घर बांधून तयार आणि भाडेकरू रस्त्यावर. नत्र मग कोण देणार.
कोबीत तोच प्रकारचा पदार्थ चोराच्या कामाचा, लसूणघासात पाहुण्याच्या.

वरणफळं
अहो मी दह्याचं विचारलं होतं 😄 पण चालू द्या, साबा पण वाचतायत. त्यांचा प्रश्न, जिवाणू हे सगळं करतो ते उद्या खायला मिळावं म्हणून साठवतो का, मुंगीसारखं?

निवृत्त_मायक्रोस्कोप
सासूबाईंना नमस्कार. साठवण करतात, पण ती पोटात, ग्लायकोजेन म्हणून. अंगाबाहेर टाकलेली ही साखळी बहुतेक जिवाणूंना परत खाताच येत नाही, कापायचं एन्झाइमच नसतं. ते घर आणि अंगरखा समजा. वाळण्यापासून बचाव, चिकटून बसणं, औषधं आणि शत्रू लांब ठेवणं. माठ चार दिवस घासला नाही की आतून बुळबुळतो, मोरीच्या जाळीखाली गिळगिळीत लागतं, ते सगळं असंच घर, बायोफिल्म म्हणतात. आत हजारो जिवाणू एकाच गादीत.

डॉ_झोपाळू
नाइट ड्यूटीवरून आत्ताच आलो, अख्खा धागा वाचला, झोप उडाली. अंगरखा म्हणालात तिथून पुढे मी ओढतो.
काही जिवाणू साखळ्या बाहेर सोडून देत नाहीत, अंगालाच घट्ट धरून ठेवतात, त्याला कॅप्सूल म्हणतात. आणि तार फक्त दह्याला येते असं नाही. क्लेब्सिएला नावाचा जिवाणू आहे, त्याचे काही वाण यकृतात गळू करतात, लॅबमधे त्याच्या ठिपक्याला तारेचं लूप लावून वर उचलायचं, ५ मिलिमीटरच्या वर तार आली की चाचणी पॉझिटिव्ह धरतात. स्ट्रिंग टेस्टच नाव आहे. कॅप्सूल जितकी जाड तितकं आपल्या पांढऱ्या पेशींना त्याला धरता येत नाही, ओल्या साबणाची वडी पकडण्यासारखं.
न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस तसाच. १९२८ मधे लंडनला ग्रिफिथने उंदरांवर केलेला प्रयोग बारावीला सगळ्यांनी घोकलाय, गुळगुळीत वाणाने उंदीर मेला, खरखरीत वाणाने जगला, आणि मारलेला गुळगुळीत अधिक जिवंत खरखरीत मिळून परत मेला. तो गुळगुळीतपणा म्हणजे ही साखरेची कॅप्सूल! १९४४ मधे अ‍ॅव्हरी, मॅकलाउड आणि मॅकार्टीने दाखवलं की खरखरीताला गुळगुळीत करणारी चीज डीएनए आहे. आपण डीएनए लक्षात ठेवलं आणि साखर विसरलो. खुद्द अ‍ॅव्हरीने हायडेलबर्गरबरोबर १९२३ मधेच सांगितलं होतं की ह्या जिवाणूची ओळख पटवणारा पदार्थ प्रथिन नसून साखर आहे, तेव्हा लोकांना पटायला जड गेलं कारण साखर म्हणजे फालतू, काम करतात ती प्रथिनं, असा समज.
ह्या एकाच जिवाणूच्या शंभराहून जास्त तऱ्हेच्या कॅप्सूल माहीत आहेत. प्रत्येकात साखरा वेगळ्या नाहीतर जोडण्या वेगळ्या. एकीवर तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसरीला बहुधा चालत नाही.

पाठचा_भाऊ
डॉक्टर, माझ्या मोठ्या भावाची अपघातात प्लीहा काढली मागच्या वर्षी. डिस्चार्जच्या वेळी तीन लशी लिहून दिल्या होत्या, न्यूमोकॉकस, मेनिन्गोकॉकस आणि हिब. का ते कोणी सांगितलं नाही, कागदावर टिक करून दिलं. त्यातली एकच घेतलीय त्याने. ह्याचा संबंध आहे का?

डॉ_झोपाळू
थेट संबंध. तिन्ही जिवाणू कॅप्सूलवाले (मेनिन्गोकॉकस मेंदूज्वराचा, हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी). साखरेचा अंगरखा घातलेले जिवाणू रक्तातून गाळून काढायचं मोठं काम प्लीहा करते, साखरेविरुद्धची पटकन प्रतिपिंडं पण तिथल्या पेशी बनवतात. ती नसली की साध्या तापाचं काही तासांत सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अख्खं शरीर कोलमडणं, होऊ शकतं. राहिलेल्या दोन लशी ह्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून घ्या, बूस्टर कधी ते लिहून घ्या, आणि भावाला ताप आला तर क्रोसिन घेऊन बघू असं करायचं नाही, लगेच दवाखाना, आणि पहिलं वाक्य 'प्लीहा काढलेली आहे'. हे गमतीत घेऊ नका.

पाठचा_भाऊ
उद्याच नेतो. हे तिथे दोन मिनिटांत सांगता आलं असतं की हो. आभारी आहे.

वाशीकर_आई
डॉक्टर, मग टायफॉइडचं सांगा. माझ्या मोठ्याला पूर्वी दर तीन वर्षांनी टायफॉइडचं इंजेक्शन सांगायचे, तेही दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच. धाकटीला २०१८ मधे नवी मुंबई महापालिकेच्या मोहिमेत दिलं तेव्हा ती वर्षाची पण नव्हती. एकच रोग, दोन नियम कसे?

डॉ_झोपाळू
तुमच्या घरातच अख्खा धडा आहे. टायफॉइडच्या जिवाणूला पण कॅप्सूल असते, व्हीआय म्हणतात, १९३४ मधे फेलिक्स आणि पिट ह्यांनी सांगितली. एकाच आम्लयुक्त साखरेची साधी माळ, वर अ‍ॅसिटाइल गट चिकटलेले. मोठ्याला दिली ती लस म्हणजे नुसती ही माळ. आता गंमत अशी की नुसती साखर दाखवली तर बी पेशी प्रतिपिंडं बनवतात पण टी पेशींना साखर 'दिसत' नाही, त्यांना प्रथिनाचे तुकडे लागतात. टी पेशी नसल्या की लक्षात ठेवणं नाही, आणि दोन वर्षांखालच्या बाळात तर नुसत्या साखरेला उत्तरच नीट येत नाही. म्हणून दोन वर्षांची अट आणि दर तीन वर्षांनी टोचणं.
धाकटीला दिली ती जोड लस, कॉन्जुगेट. तीच साखर पण धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे एका प्रथिनाला बांधलेली. बी पेशी साखर ओळखून सगळं गाठोडं गिळते आणि आतलं प्रथिन टी पेशीला दाखवते, मग टी पेशी मदतीला येते. कडू गोळी गुळातून देतो ना, इथे उलटं, साखर खपवायला प्रथिन. हैदराबादच्या भारत बायोटेकची लस होती ती. नवी मुंबईची मोहीम सरकारी यंत्रणेने ही लस सरसकट मुलांना देण्याची जगातली पहिली, नऊ महिने ते चौदा वर्षं, पहिल्या टप्प्यात १ लाख १३ हजारांवर मुलं.
पुण्याचं पण सांगतो. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ए गटाच्या मेनिन्गोकॉकसने दर काही वर्षांनी हजारो माणसं जायची. सीरम इन्स्टिट्यूटने तीच युक्ती करून मेनआफ्रीव्हॅक बनवली, डोस अर्ध्या डॉलरच्या आत, डिसेंबर २०१० मधे बुर्किना फासोत सुरुवात झाली. तिथून ए गट जवळजवळ नाहीसा झालाय. आणि आपल्या बाळांना आता जी न्यूमोकॉकसची पीसीव्ही फुकट मिळते, २०२१ पासून देशभर, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, ती पण साखर अधिक प्रथिन.

प्रश्नचिन्ह
मग सगळ्याच कॅप्सूलवाल्यांची अशी लस करून मोकळं का नाही होत?

डॉ_झोपाळू
काही चोर पोलिसांचाच गणवेश घालून येतात. बी गटाच्या मेनिन्गोकॉकसची कॅप्सूल म्हणजे सियालिक आम्लाची माळ, आणि तीच माळ, तीच जोडणी, आपल्या मेंदूतल्या पेशींवर असते, बाळात तर जास्तच. शरीर तिला परकं मानत नाही, आणि मानायला लावलं तर ती आपलीच पंचाईत. म्हणून बी गटाची लस प्रथिनांवर करावी लागली. घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसचं पण तेच, त्याचा अंगरखा हायल्युरॉनिक आम्लाचा, जे आपल्या सांध्यात असतं आणि हल्ली चेहऱ्याच्या क्रीममधे. क्रीममधलं पण आता बरंचसं जिवाणूंकडूनच करून घेतात.

मांडवीकाठ
गोव्यात फार्मा प्लांटला क्वालिटीला आहे, माझं पण घ्या. कॅप्सूल सगळ्यांना नसते पण ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पडद्यात लिपोपॉलिसॅकराइड असतंच, ही साखर भयंकर विषारी. आमचं इंजेक्शनचं पाणी ऑटोक्लेव्ह केलं, एकही जिवाणू जिवंत नाही, तरी हे मेलेल्याच्या अंगावरचं आत राहिलं तर पेशंटला थंडी वाजून ताप. ऑटोक्लेव्हला दाद देत नाही. काचेच्या व्हायल्स २५० अंशाला अर्धा तास भाजतो ते त्यासाठी. आणि तपासायला हॉर्सशू खेकड्याचं निळं रक्त, त्यातला अर्क एवढ्याशा एंडोटॉक्सिनने, म्हणजे ह्याच लिपोपॉलिसॅकराइडने, गोठतो. पूर्वी सशाला टोचून ताप बघायचे.

निवृत्त_मायक्रोस्कोप
मांडवीकाठ, बाकी सगळं मान्य, एक दुरुस्ती. विषारी साखर नाही, तळाचा चरबीचा भाग, लिपिड ए, तो. त्याच्यावर मधला गाभा आणि सगळ्यात बाहेर लांब साखळी, तिला ओ अँटिजेन म्हणतात. साखर बिचारी बाहेरची पाटी. कॉलऱ्याचा ओ१ म्हणतात तो ह्या पाटीचा नंबर. १९९२ मधे मद्रास आणि बंगालकडे कॉलऱ्याची साथ आली, तपासलं तर ओ१ नाही, पुढे त्याला ओ१३९ नंबर मिळाला. जिवाणूने पाटी बदलली होती आणि वर कॅप्सूल पण चढवली होती. आधी कॉलरा होऊन गेलेली मोठी माणसं पण आजारी पडली, त्यांच्या शरीराने जुनी पाटी पाठ केली होती.

मांडवीकाठ
मान्य, लिपिड ए. ऑडिटमधे हे बोललो असतो तर गेलोच असतो.

गव्हाण
तीस वर्षांपूर्वी आमच्या सायबानं मला सांगितलं होतं डेक्सट्रान म्हणजे घाण, मुळापासून काढ. आता कळतंय की त्याचे नातेवाईक इतक्या मोठ्या पदांवर आहेत.

वरणफळं
अपडेट देते. खमंगकाकूंच्या सांगण्यावरून तीन दिवस गरम दूध, कणकेचा डबा, चमचाभर विरजण. आज सकाळी तार नाही! कवडी पडलीय, साबा खूश, शेजारच्या काकूंना सांगू नका म्हणाल्या.
पण लेक रुसलाय. त्याने डॉ_झोपाळूंचं ५ मिलिमीटर वाचलं आणि जुन्या दह्याची वाटी फ्रीजमधे लपवून ठेवली होती, काल कंपासातली पट्टी लावून मोजलं तर १४ सेंटिमीटर. विचारतोय मग आपलं दही किती पॉझिटिव्ह.

डॉ_झोपाळू
त्याला सांगा ती चाचणी दह्याला लागू नाही. आणि पट्टी धुवून ठेव म्हणावं.

ध्रुवाखालची_सई
ती वाटी टाकू नकोस गं, उन्हाळ्यात येतेय मी, विरजण घेऊन जाईन.